मुक्या ‘पी’चं घराणं

इंग्रजी शब्दकोशात ‘पी’ हे अक्षर संपत आलं की आधी ‘सायकॉलॉजी’ आणि तिचा गोतावळा लागतो, आणि थोडं पुढे गेलं की ‘पब’, ‘पब्लिक’ ही रोजच्या वापरातली मंडळी सुरू होतात. या दोहोंच्या मधे शब्दांचा एक छोटा पट्टा आहे. त्यातले सगळे शब्द ‘पी’ आणि ‘टी’ या दोन अक्षरांनी सुरू होतात आणि बोलताना त्यातला ‘पी’ उच्चारला जात नाही. टेरोडॅक्टिल, टोसिस, टायलिन, टारमिगन, टॉलेमी. स्पेलिंगच्या स्पर्धेला बसणारी मुलं हे शब्द पाठ करतात. इतर लोक पान उलटून पुढे जातात. पाठ केलेले शब्द महिन्याभरात निसटतात, कारण पाठ करताना फक्त ‘मुका पी’ लक्षात ठेवलेला असतो आणि अर्थाचा धागा हाती लागलेला नसतो. तो धागा तिसऱ्या अक्षरात आहे.

पहिली दोन अक्षरं सगळ्यांची सारखीच, म्हणून ती काही सांगत नाहीत. तिसरं बघा. ‘ई’ असेल तर शब्द बहुतेक पंखाचा. ‘ओ’ असेल तर पडण्याचा. ‘वाय’ असेल तर थुंकीचा. ‘आय’ असेल तर कांडण्या-भरडण्याचा. आणि ‘ए’ असेल तर सावध राहायचं, कारण तिथे सोंगं घेतलेले शब्द आहेत. ‘ओ’च्या घरातही एक परका बसलेला आहे, त्याच्याकडे शेवटी येऊ, कारण तो थेट पैठणला पोचतो.

आधी मुकेपणाचं. ग्रीक माणूस या शब्दांतला प् स्पष्ट म्हणत असे. फ्रेंच आणि जर्मन आजही म्हणतात. इंग्रजी जिभेला मात्र शब्दाच्या आरंभी ‘प्ट’ हा जोड जमत नाही, म्हणून तिने लिहिताना प ठेवला आणि बोलताना सोडला. आधी एखादा स्वर आला की तोच प पुन्हा ऐकू येतो: हेलिकॉप्टर, आर्किऑप्टेरिक्स. आपल्याकडेही सप्त, गुप्त, तृप्त सहज म्हणता येतात, पण ‘प्त’ने सुरू होणारा मराठी शब्द सापडत नाही. म्हणून पुढे इंग्रजी शब्द उच्चाराप्रमाणे ‘ट’ने लिहिले आहेत आणि मूळ ग्रीक रूपं ‘प्ट’ने.

ग्रीक ‘प्टेरॉन’ म्हणजे पंख. ‘प्टोसिस’ म्हणजे पडणं. वरवर पाहता एकमेकांविरुद्ध वाटणाऱ्या या दोन गोष्टी एकाच धातूतून आल्या आहेत, आणि हे पटवून घ्यायला मराठी माणसाला ग्रीक शिकावं लागत नाही. संस्कृत ‘पत्’ हा तोच धातू, आणि त्यालाही हेच दोन्ही अर्थ आहेत. पतंग आणि पतत्री उडतात. पतन आणि प्रपात खाली येतात. आपलं ‘पडणं’ याच ‘पत्’चं प्राकृतातून झिजत आलेलं रूप आहे. ‘पत्र’ म्हणजे आधी पंख, मग झाडाचं पान, मग लिहिण्याचं पान आणि शेवटी टपालातून येणारं पत्र. इंग्रजीतलं ‘फेदर’ही याच मुळाचं, आणि लॅटिन ‘पेन्ना’ म्हणजे पिसावरून आलेलं ‘पेन’ही. हवेत असलेल्या वस्तूची वेगाने होणारी हालचाल एवढाच मूळ अर्थ असावा. वर की खाली हे प्रत्येक भाषेने नंतर ठरवलं.

आता पंखांचं दालन. टेरोडॅक्टिल हा शब्द सगळ्यांना माहीत असतो, पण त्याचे तुकडे करून कोणी पाहत नाही. प्टेरॉन म्हणजे पंख, डॅक्टिलॉस म्हणजे बोट. बव्हेरियातल्या चुनखडीत सापडलेल्या या प्राण्याचं वर्णन कोसिमो कोलिनी याने १७८४ मध्ये केलं तेव्हा त्याला तो समुद्रातला जीव वाटला होता. हा उडणारा सरपटणारा प्राणी आहे हे जॉर्ज क्युव्हिएने १८०१ मध्ये ओळखलं आणि १८०९ मध्ये त्याला हे नाव दिलं. नाव अगदी नेमकं आहे. या प्राण्याचा अख्खा पंख एकाच बोटाने तोलला होता. अंगठ्यापासून मोजलं तर ते चौथं, म्हणजे आपली अनामिका. ती प्रचंड लांबलेली, करंगळी नाहीशी झालेली, आणि उरलेली तीन बोटं पंखाच्या कडेवर नखांसह मोकळी. वटवाघळाची रचना याहून वेगळी. त्याच्या पंखात चार बोटं ताणलेली असतात आणि फक्त अंगठा मोकळा राहतो. म्हणून वटवाघळांच्या गणाचं नाव ‘कायरॉप्टेरा’, म्हणजे हातच पंख असलेले. एक नाव बोटावरून, दुसरं हातावरून. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांनी हाडं मोजून ठेवली.

‘टेरॅनोडॉन’ हे नाव ऑथनिएल मार्शने १८७६ मध्ये दिलं. हा शब्द मराठी वाचकाने एकदा हळू वाचावा: प्टेर, अन्, ओडॉन. पंख, नाही, दात. ‘अन्’ हा आपला नकाराचा ‘अन्’, ‘ओडॉन’ हा आपला ‘दंत’, आणि ‘प्टेर’ हा ‘पत्र’चा भाऊ. चोच असलेल्या बिनदाती उडत्या प्राण्याच्या नावातले तिन्ही तुकडे आपल्या घरातले आहेत.

तुकडे ओळखता आले तरी शेवटपर्यंत वाचायची सवय सोडता येत नाही. ‘टेरोपस’ आणि ‘टेरोपॉड’ या दोघांचे घटक एकच: पंख आणि पाय. पायासाठी ग्रीक ‘पूस’, त्याचं सामान्यरूप ‘पोडॉस’. आपला ‘पाद’ तोच. पण टेरोपस म्हणजे गावाबाहेरच्या वडा-पिंपळावर उलटी लटकणारी, पंख पसरल्यावर मीटरभराहून रुंद भरणारी फळं खाणारी वटवाघळं. आणि टेरोपॉड म्हणजे समुद्रात तरंगणाऱ्या चिमुकल्या गोगलगायी, ज्यांचा पाय दोन पाळ्यांत फुटून पोहण्याचा पंख झाला आहे. समुद्राचं पाणी आम्ल होऊ लागलं की सर्वांत आधी ज्यांचे शंख झिजू लागतात त्यांत या गोगलगायी येतात, कारण त्यांचं कवच ॲरागोनाइटचं, म्हणजे चुन्याच्या जास्त विरघळणाऱ्या प्रकाराचं असतं. बातमीत ‘टेरोपॉड’ वाचून वटवाघूळ डोळ्यांपुढे आणणं ही चूक सहज होते.

कीटकांच्या गणांची नावं हे याच दालनाचं माजघर. तिथे ‘पीटी’ शब्दाच्या पोटात गेलेली असते. डिप्टेरा म्हणजे दोन पंखी: माश्या आणि डास. कोलिऑप्टेरा म्हणजे म्यान-पंखी: भुंगेरे, त्यांचा पुढचा पंख टणक होऊन मागच्याचं म्यान बनलेला असतो. ही दोन्ही नावं ॲरिस्टॉटलच्या लेखनातली आहेत. लेपिडॉप्टेरा म्हणजे खवले-पंखी. फुलपाखरू धरल्यावर बोटांना लागणारी पूड म्हणजे ते खवले. हायमेनॉप्टेरा म्हणजे पापुद्र्याच्या पंखांचे: मधमाश्या, गांधीलमाश्या, मुंग्या. याचा प्रत्यक्ष उपयोग आहे. गांधीलमाशीसारखे पिवळे-काळे पट्टे असलेला कीटक फुलावर दिसला तर पंख मोजावेत. दोनच असतील तर ती डिप्टेरा गणातली निरुपद्रवी माशी आहे आणि तिला नांगी नाही. चार असतील तर अंतर ठेवावं. मोजताना एकच अडचण येते: मधमाशीचे पुढचे-मागचे पंख बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे उडताना दोनच भासतात. माशीच्या मागच्या पंखांच्या जागी टाचणीच्या डोक्याएवढे दोन दांडे असतात, तोल सांभाळणारे. ते दिसले की शंका उरत नाही.

हे पोटातले शब्द फोडताना लोक हमखास चुकीच्या जागी कापतात. ‘कोलिऑप्टेरा’चे तुकडे ‘कोलि’ आणि ‘ऑप्टेरा’ असे नाहीत. मधला ‘ओ’ पहिल्या शब्दाचा, दुसरा शब्द ‘प्टेरा’पासून. सर्वांत प्रसिद्ध चुकीचा काप हेलिकॉप्टरचा आहे. फ्रान्सच्या पाँताँ दामेकूर याने १८६१ मध्ये हा शब्द घडवला: ‘हेलिको’ म्हणजे मळसूत्रासारखा फिरणारा आणि ‘प्टेर’ म्हणजे पंख. इंग्रजी कानाने तो ‘हेलि’ आणि ‘कॉप्टर’ असा ऐकला, आणि मग हेलिपॅड, हेलिपोर्ट आणि नुसतं कॉप्टर हे सगळे शब्द त्या चुकीच्या कापावर उभे राहिले. ते आता पक्के झाले आहेत आणि वापरायला काहीच हरकत नाही. पण पंख कुठे आहे हे माहीत असावं. आणि शब्दाच्या पोटातली प्रत्येक ‘पीटी’ पंखाची नसते हेही. ‘ऑप्टिक’मध्ये डोळा आहे, ‘ऑप्शन’मध्ये निवड, ‘क्रिप्ट’मध्ये लपवणं. पंखाची खूण ‘पीटी’ नव्हे, ‘पी-टी-ई-आर’ या चार अक्षरांची आहे. आणि तीही ‘चॅप्टर’मध्ये फसवते, कारण तो लॅटिन डोक्याचा शब्द आहे.

झाडांत आलं की हे घराणं आपल्या अगदी जवळ येतं. आपल्या जंगलातला बिबळा म्हणजे ‘टेरोकार्पस मार्सुपियम’. कार्पॉस म्हणजे फळ. बिबळ्याची शेंग हातात घेतली की नाव उलगडतं: ती लांब नसते, नाण्यासारखी चपटी गोल असते, मधे फुगीर भागात एखादं बी आणि भोवती कागदासारखी पातळ कड. ती शेंग फुटत नाही, तशीच वाऱ्यावर गरगरत जाते. मुचकुंद म्हणजे ‘टेरोस्पर्मम’. स्पर्मा म्हणजे बी. त्याचं फळ लाकडासारखं टणक, तपकिरी आणि पाच कप्प्यांचं. ते झाडावरच तडकतं, आणि मग आतून एकेक बी आपापला पातळ पंख घेऊन बाहेर पडतं. पहिल्या झाडाचं फळ उडतं, दुसऱ्याचं बी. दोन नावांतला हा एवढाच फरक, आणि तो झाडाखाली पडलेला कचरा उचलून तपासता येतो. रक्तचंदन हेसुद्धा टेरोकार्पसच, ‘टेरोकार्पस सँटॅलिनस’. चंदनाशी त्याचं वनस्पती म्हणून नातं नाही, ते बिबळ्याचं भावंड आहे. चंदन म्हणून रक्तचंदन विकत घेणाऱ्याला लॅटिन नावाचा पहिला शब्द वाचता आला तर फसवणूक टळते.

नेच्यांची गोष्ट वेगळ्या वाटेने येते. नेच्याला फूल नाही, फळ नाही, उडणारं बी नाही. पण त्याचं पान पिसासारखं दुतर्फा विभागलेलं असतं, म्हणून ग्रीकांनी त्याला ‘प्टेरिस’ म्हटलं. शाळेच्या पुस्तकातला ‘टेरिडोफायटा’ हा शब्द त्यावरून. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये नेचे जमवण्याचं वेड इतकं पसरलं की चार्ल्स किंग्जली याने १८५५ मध्ये त्याला ‘टेरिडोमेनिया’ असं नाव दिलं. त्या वेडामागे एक बाटली होती. लंडनचा डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड याने १८२९ मध्ये एका पतंगाचा कोष ओल्या मातीत, बंद बाटलीत ठेवला होता. पतंग पाहायचा म्हणून ठेवलेल्या त्या मातीत नेचा उगवला आणि लंडनच्या काजळीपासून बचावून वाढत राहिला. दिवसा काचेवर वाफ जमायची, रात्री तीच मातीत परतायची. याच तत्त्वावर केलेल्या काचपेट्यांतून १८५० च्या आसपास चीनमधली चहाची रोपं हिमालयाच्या उतारावरच्या मळ्यांत जिवंत पोचली. बाटलीत ठेवलेला लेपिडॉप्टेरा आणि उगवलेला प्टेरिस, दोघेही याच घराण्यातले.

शरीरातल्या पंखांपैकी रोजच्या उपयोगाचा शब्द ‘टेरिजियम’, छोटा पंख. नाकाच्या बाजूने डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक मांसल त्रिकोणी पापुद्रा वाढू लागतो आणि त्याचं टोक बुबुळावर सरकतं. ऊन, धूळ आणि कोरडा वारा सतत सोसणाऱ्यांना तो जास्त होतो: शेतकरी, मच्छीमार, दुचाकीवर दिवस काढणारे. लोक याला मोतीबिंदू समजतात. मोतीबिंदू आतल्या भिंगात असतो, बाहुलीच्या मागे. टेरिजियम पृष्ठभागावर असतो आणि आरशात रक्तवाहिन्यांसकट दिसतो. तो बाहुलीकडे सरकत नसेल तर कडेने झाकणारा गॉगल, टोपी आणि डॉक्टरांनी दिलेले ओलाव्याचे थेंब एवढ्यावर भागतं. सरकत असेल तर काढावा लागतो, आणि इथे विचारायचा प्रश्न असा: जागा नुसती उघडी ठेवणार की त्याच डोळ्याच्या वरच्या भागातला पातळ पापुद्रा आणून तिथे बसवणार? उघडी ठेवली तर तो परत वाढण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. सुश्रुताने याला ‘अर्म’ म्हटलं, त्याचे पाच प्रकार सांगितले आणि आकड्याने उचलून कापण्याची कृतीही लिहून ठेवली.

कानशिलावर, गालफडाच्या हाडाच्या कमानीपासून तीन-चार सेंटिमीटर वर, कवटीची चार हाडं जुळतात. त्या जागेला ‘टेरियॉन’ म्हणतात. तिथलं हाड पातळ आहे आणि त्याच्या आतल्या अंगाला एक धमनी चिकटून जाते. तिथे मार बसून धमनी फाटली तर माणूस आधी बेशुद्ध होऊन पुन्हा शुद्धीवर येऊ शकतो, बोलतो, घरी जायचं म्हणतो, आणि काही तासांत रक्ताची गाठ मेंदूवर दाब आणते. म्हणून कानशिलावर जोराचा मार बसलेल्या माणसाला ‘आता बरा दिसतोय’ म्हणून घरी नेऊ नये. अर्ध्या डोक्यावर बसणारं हेल्मेट ही जागा धड झाकत नाही.

पंखांचा मला सर्वांत आवडणारा शब्द औषधाच्या पट्टीवर दडलेला आहे. पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या पंखांतल्या रंगद्रव्यांना १९२५ च्या सुमारास ‘टेरिन’ असं नाव मिळालं. तिकडे मुंबईत लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ पासून गिरणी कामगार वस्तीतल्या गरोदर बायकांच्या पंडुरोगावर काम करत होती. यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात हे तिने १९३१ मध्ये दाखवून दिलं. त्यातला नेमका घटक कोणता, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. १९४१ मध्ये अमेरिकेत चार टन पालकातून तो वेगळा काढला गेला आणि लॅटिन ‘फोलियम’, म्हणजे पान, यावरून त्याला ‘फॉलिक ॲसिड’ म्हटलं गेलं. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने १९४५ मध्ये ते कृत्रिमरीत्या बनवलं, तेव्हा त्याच्या रेणूत फुलपाखराच्या पंखातलं टेरिन निघालं. म्हणून त्याचं रासायनिक नाव ‘टेरॉइलग्लुटॅमिक ॲसिड’. एका नावात पान, दुसऱ्यात पंख. आणि आपल्या ‘पत्र’ शब्दात दोन्ही. आशाताई गरोदर बाईला देतात त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम हे द्रव्य असतं. गोळी चहाबरोबर घेऊ नये, लोह नीट शोषलं जात नाही.

आता पडणारे शब्द. ‘टोसिस’ म्हणजे वरची पापणी खाली येणं. मोजायची पद्धत सोपी आहे: समोरून बॅटरीचा झोत टाकायचा आणि बुबुळावर उमटणाऱ्या प्रकाशबिंदूपासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर बघायचं. साधारण चार ते पाच मिलिमीटर असतं. दोनने कमी झालं तर सौम्य, तीनने मध्यम, चार किंवा जास्त तर तीव्र. लहान मुलाची पापणी बाहुली झाकत असेल तर ‘मोठेपणी बघू’ म्हणून थांबू नये, त्या डोळ्याची नजर कायमची मंद राहू शकते.

पण हा शब्द आपल्या गावांत सर्वांत महत्त्वाचा ठरतो तो सर्पदंशात. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश बारीक, सूज नाही, वेदना नाममात्र; पुष्कळदा माणूस जागाही होत नाही. पहाटे पोट दुखतं, आणि मग पापण्या जड होतात. ही टोसिस म्हणजे विष मज्जातंतूंपर्यंत पोचल्याची पहिली दिसणारी खूण. तपासायचं कसं? डोकं स्थिर ठेवून वर बघायला सांगायचं. पापण्या पूर्ण वर जात नसतील तर क्षणही घालवू नये. यानंतर एकाचे दोन दिसतात, बोलणं अडखळतं, थुंकी गिळता येत नाही, मान उचलता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. हातपाय न हलवता, दोरी न आवळता, चिरा न मारता, जिथे प्रतिविष आणि कृत्रिम श्वासाची सोय आहे अशा दवाखान्यात पोचवायचं. लोकांना वाटतं माणसाला झोप येतेय. झोप येत नसते, पापणी पडत असते.

‘ॲपोप्टोसिस’ १९७२ मध्ये घडवला गेला. शरीरातल्या पेशी ठरलेल्या वेळी आपणहून संपतात, त्या क्रियेचं हे नाव. ग्रीकमध्ये झाडावरून पान किंवा पाकळी गळण्याला हा शब्द होता. गर्भात आपली बोटं सुटी होतात ती मधल्या पेशी अशा गळून गेल्यामुळे. हा शब्द सुचवणाऱ्या ग्रीकच्या प्राध्यापकांचं म्हणणं होतं की दुसरा प मुका ठेवावा. बहुतेक प्रयोगशाळांनी ते ऐकलं नाही. मला प्राध्यापकांपेक्षा प्रयोगशाळांचं पटतं: आधी स्वर आहे, प म्हणता येतो, तर म्हणावा.

‘टोमेन’ हा शब्द ‘प्टोमा’वरून, म्हणजे पडलेला देह, प्रेत. रणात पडला, धारातीर्थी पडला असं आपण म्हणतो, तोच अर्थ. इटलीतल्या फ्रांचेस्को सेल्मी याने १८७० च्या दशकात कुजणाऱ्या प्रेतांतून निघणाऱ्या अल्कलीधर्मी द्रव्यांना हे नाव दिलं, आणि एक मोलाची गोष्ट दाखवली: खुनाच्या खटल्यात ज्याला वनस्पतीचं विष समजलं जातं ते प्रेतातच तयार झालेलं असू शकतं. पुढे शिळ्या अन्नाच्या बाधेला ‘टोमेन पॉयझनिंग’ म्हणायची पद्धत पडली, आणि ती चुकीची होती. बाधा होते ती जंतू आणि त्यांच्या विषांमुळे. लग्नातली बासुंदी उन्हाळ्यात तासन्‌तास बाहेर राहिली तर वास-चव न बदलताही त्यात स्टॅफिलोकॉकस या जंतूचं विष तयार होतं, आणि पुन्हा उकळून जंतू मेले तरी ते विष राहतं. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत थंड करावं, नाहीतर ६० अंशांच्या वर गरम ठेवावं.

‘वाय’च्या घरात गर्दी नाही. ‘टायलिन’ म्हणजे लाळेतलं पिष्ट पचवणारं विकर. हल्ली त्याला अमायलेज म्हणतात, शालेय पुस्तकांत जुनं नाव भेटतं. हातात हवा तो शब्द ‘हिमॉप्टिसिस’, खोकल्यातून रक्त पडणं. पोटातली ‘पीटी-वाय’ सांगते की हे थुंकीतलं रक्त आहे, फुप्फुसातून आलेलं: लालभडक, फेसाळ, खोकल्याबरोबर. उलटीतून येणारं रक्त काळपट, कॉफीच्या चोथ्यासारखं असतं आणि त्याला दुसरं नाव आहे. डॉक्टरांना सांगताना हा फरक सांगितला तर तपासणीची दिशा लगेच ठरते.

‘आय’च्या घरात एकच शब्द, पण पोटभरीचा. ‘टिझॅन’ म्हणजे सोललेल्या जवाची पातळ पेज. ग्रीक ‘प्टिसो’ म्हणजे कांडणं. संस्कृत ‘पिष्’ आणि आपलं ‘पीठ’ त्याच मुळाचं मानलं जातं. हिपोक्रॅटिस या ग्रीक वैद्याच्या परंपरेत तीव्र आजारात रोग्याला दाण्यांसकट टिझॅन द्यावी की गाळलेलं पाणी, यावर बारकाईने लिहिलेलं आहे. आपल्या वैद्यकात हेच पेजेच्या प्रकारांनुसार प्रमाणांत बांधलेलं आहे: विलेपीला चौपट पाणी, यवागूला सहापट, मंडाला चौदापट, आणि मंड गाळून फक्त द्रव द्यायचा. फ्रेंचांनी पी गाळून ‘टिझान’ केलं आणि जवही गाळले. आता त्या नावाने कोणत्याही पाल्याचा काढा मिळतो.

उरलं ‘ए’. ‘टारमिगन’ हा स्कॉटलंडच्या उंच डोंगरांवरचा पक्षी, हिवाळ्यात पांढराशुभ्र होणारा, पायांच्या बोटांपर्यंत पिसं असलेला. त्याचं गेलिक नाव ‘तार्मखन’. त्यात प कुठेच नव्हता. सतराव्या शतकात पक्षी म्हणजे पंख, पंख म्हणजे प्टेरॉन, असं धरून विद्वानांनी त्याला ग्रीक पी चिकटवला, आणि तो तिथेच राहिला. कोशात त्याला खेटून ‘टारमिक’ आहे: शिंका आणणारं, तपकिरीसारखं द्रव्य. तो खरा ग्रीक. सहा अक्षरं तंतोतंत सारखी, नातं शून्य. आणि तिसरा ‘टॅक्विलोसाइड’: ‘टेरिडियम ॲक्विलिनम’ या नेच्यातल्या विषाचं नाव. त्यात पंखाची फक्त दोन अक्षरं उरली आहेत, कारण रसायनशास्त्रज्ञांनी ‘पीटी’ला थेट ‘ॲक्विल’ जोडलं. हा नेचा चरणाऱ्या गुरांच्या लघवीत रक्त येतं, मूत्राशयात गाठी होतात, आणि विष दुधातही उतरतं. जपानमध्ये त्याचे कोवळे कोंब राखेच्या किंवा सोड्याच्या पाण्यात भिजवूनच खातात, कारण अल्कलीत ते विष मोडतं.

आता ‘ओ’च्या घरातला परका: ‘टॉलेमी’. ग्रीकमध्ये युद्धाला ‘पोलेमॉस’ म्हणत. महाकाव्यांच्या जुन्या भाषेत त्याचंच रूप ‘प्टोलेमॉस’. नगराला तसंच ‘पोलिस’ आणि ‘प्टोलिस’. आपलं ‘पूर’ त्याचं नातलग. तेव्हा टॉलेमी पडलेला नाही, तो लढणारा आहे. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बसून क्लॉडियस टॉलेमीने जगाच्या गावांची जी यादी केली, तिच्यात आपली सोपारा आणि चौल ही बंदरं आहेत. ऐकीव नावं तो आपल्या भाषेच्या साच्यात बसवतो. उज्जैनच्या चष्टन राजाला तो ‘तियास्तानेस’ लिहितो. पैठण म्हणजे ‘बैथाना’, आणि तिथला राजा ‘सिरोप्टोलेमाइओस’. ‘सिरोपोलेमाइओस’ असाही पाठ आहे. हा सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र श्री पुळुमावी. टारमिगनच्या बाबतीत जे झालं तेच इथे दीड हजार वर्षं आधी झालं: परका शब्द कानावर आला, आणि लिहिणाऱ्याने त्याला ओळखीचं ग्रीक नाव चढवलं. राजाचं नाव त्याच्याच काळात इथे कसं लिहीत, ते नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरच्या तीन नंबरच्या लेण्यात कोरलेलं आहे. त्याची आजी गौतमी बलश्री हिच्या दानलेखाच्या पहिल्याच ओळीत, राज्याच्या १९ व्या वर्षाच्या उल्लेखासह, ब्राह्मीत ‘सिरि-पुळुमायि’ असं वाचता येतं.